आधी रुबिडियम

सोलापूर, मे महिना

अनेक आशीर्वाद.

पीएचडीला थेट रेणूच लेसरनं थंड करायचे म्हणतेस. इथे पारा 44 वर आणि तुझ्या पत्रात मायक्रोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेलं तापमान, वाचूनच जरा बरं वाटलं! पण माझं ऐकशील तर आधी वर्षभर रुबिडियम या धातूच्या साध्या अणूंवर हात बसव.

खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला साधारण 300 मीटर धावतो. समोरून आलेला 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, त्याचा वेग कमी करतो तो सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरनं. म्हणजे 50 हजार वेळा तेच: फोटॉन शोषायचा, सोडायचा, परत मूळ ऊर्जापातळीवर यायचं. लेसरची वारंवारता किंचित खाली ठेवली की डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे धावणाऱ्या अणूला वारंवारता बदललेली भासते म्हणून, तो लेसर समोरून येणाऱ्या अणूलाच जास्त लागू पडतो. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकतं. टेबलावर मात्र ते ‘किंचित’ म्हणजे 10-15 मेगाहर्ट्झ, आणि वारंवारता लॉक न केलेला, म्हणजे एका जागी न बांधलेला, साधा डायोड लेसर अंशाच्या हजाराव्या भागानं तापला तरी तीसेक मेगाहर्ट्झ सरकतो. माझे एकदा चार दिवस गेले. लॉक पक्का, चुंबकीय क्षेत्राच्या कॉइलमधला प्रवाह बरोबर, कॅमेऱ्यावर काळोख. शेवटी कळलं, एका अक्षावरच्या दोन्ही क्वार्टर-वेव्ह प्लेटा (प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलणाऱ्या काचा) मीच 90 अंश चुकवून बसवल्या होत्या. त्या फिरवल्या आणि पडद्यावर थंड अणूंचा ज्वारीच्या दाण्याएवढा ढग उमटला. चौघं होतो खोलीत, कुणी बोललंच नाही.

रेणूचं दुखणं वेगळं. तो कंप पावतो, गिरक्या घेतो. फोटॉन सोडल्यावर मूळ पातळीवर येईलच असं नाही. तुझे आजोबा यंत्रमागावर होते, तुला काय सांगायचं: ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते. इथे गाठ मारतो तो रिपंप लेसर, म्हणजे भरकटलेल्या रेणूला परत फेरीत आणणारा जादा लेसर, आणि गळतीची नवी वाट दिसली की बहुधा आणखी एक लेसर. 2010 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डेव्हिड डिमिल यांच्या गटानं स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडच्या रेणूंचा झोत लेसरनं थंड केला. त्यांनी रेणूच असा निवडला होता की धागे मुळात कमी तुटावेत. लोक नेमकं हेच विसरतात.

मुलाखतीआधी एक गणित करून पाठव. शंभरातून दोनदा रेणू भलत्या पातळीवर गेला, तर रिपंपशिवाय फोटॉन शोषण्या-सोडण्याच्या सरासरी किती फेऱ्या मिळतील? आणि 10 हजार फेऱ्या हव्या असतील तर गळती किती चालेल? कागदावर कर, फोटो पाठव.