सोनोग्राफीच्या संदर्भात ‘किरणोत्सर्ग’ म्हणावे का?

नाशिकमधील एका सोनोग्राफी केंद्रासाठी मराठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘तपासणीच्या वेळी रुग्णाला होणारा किरणोत्सर्ग शक्य तितका कमी ठेवला जातो’ हे वाक्य योग्य आहे का, आणि नसल्यास ‘किरणोत्सर्ग’च्या जागी काय लिहावे.

वाक्य योग्य नाही, कारण सोनोग्राफीत किरणोत्सर्ग होतच नाही. क्ष-किरण तपासणीत आणि सीटी स्कॅनमध्ये आयनकारी प्रारण (अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असलेले किरण) शरीरातून जाते व त्याची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात. सोनोग्राफीच्या प्रोबमधून, म्हणजे अंगावर फिरवतात त्या उपकरणातून, निघतात त्या ध्वनिलहरी. त्यांची वारंवारता साधारणपणे २ ते १५ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या २० किलोहर्ट्झ या वरच्या मर्यादेच्या किमान शंभर पट. म्हणूनच त्यांना ‘श्राव्यातीत’ म्हणतात. (‘स्वनातीत’ हा शब्द ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांसाठी रूढ आहे, तो इथे नको.) हा घोटाळा बहुधा ‘अलारा’ या तत्त्वामुळे होत असावा. मात्रा वाजवीपणे शक्य तितकी कमी ठेवावी, असे सांगणारे हे तत्त्व मूळचे किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाचे. सोनोग्राफीने ते तिथून उचलले, आणि भाषांतर करताना तत्त्वाबरोबर ‘किरण’ही आले.

सोनोग्राफीत मर्यादित ठेवायची असते ती ध्वनिऊर्जा. ऊती ती शोषून घेतात तेव्हा उष्णता निर्माण होते. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपी घेणारी मंडळी ‘अल्ट्रासाउंडचा शेक घेतला’ असे म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. फरक एवढाच, की तिथे ऊब हा उपचार असतो, निदानाच्या तपासणीत ती नकोशी असते. दुसरा परिणाम यांत्रिक आहे: लहरीतील दाबाच्या चढउतारामुळे वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांत हालचाल होऊ शकते. या दोहोंचा अंदाज देणारे दोन आकडे यंत्राच्या पडद्यावर दिसतात, टीआय आणि एमआय. त्यांना ‘औष्णिक निर्देशांक’ व ‘यांत्रिक निर्देशांक’ म्हणावे, ‘तापमान’ व ‘दाब’ म्हणू नये, कारण ती प्रत्यक्ष मोजमापे नव्हेत. औष्णिक निर्देशांक १ असणे म्हणजे रुग्णाची ऊती १ अंशाने तापलीच असे नाही. विशिष्ट गृहीतकांनुसार तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी ध्वनिशक्ती लागेल, तेवढी त्या वेळी बाहेर पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माहितीपत्रकात ‘यंत्राची तीव्रता कमी ठेवतो’ असे लिहिण्याचा मोह होईल, पण ते मोघम आहे. यंत्रावर प्रतिमा उजळ करण्याचे दोन मार्ग असतात. आउटपुट पॉवर वाढवली तर शरीरात जाणारी ऊर्जा वाढते. गेन वाढवला तर परत आलेला क्षीण प्रतिध्वनी यंत्राच्या आत मोठा केला जातो आणि रुग्णाला काहीच जास्त मिळत नाही. रामकुंडावरच्या गर्दीत समोरच्याला ओरडून बोलायला लावणे आणि आपण कानामागे हात धरणे यांत जो फरक आहे, तोच हा. जाणकार आधी गेन वाढवून पाहतात. शिवाय मात्रेत काळही मोजावा लागतो: प्रतिमा फ्रीझ केल्यावर प्रोबमधून लहरी निघणे थांबते, त्यामुळे मोजमापे व चर्चा त्या अवस्थेत करणे चांगले.

‘शक्य तितका कमी’ हे शब्दही मला पटत नाहीत. त्यांचा शब्दशः अर्थ घेतला तर सर्वांत कमी म्हणजे शून्य, आणि अस्पष्ट प्रतिमेवरून केलेले चुकीचे निदान रुग्णाला अधिक महाग पडते. त्याऐवजी ‘निदानाला पुरेल इतकीच’ असे लिहावे; यातला ‘च’ मूळ तत्त्वातला ‘वाजवीपणा’ नेमका सांगतो. उलट, ‘ही तपासणी पूर्णपणे निर्धोक आहे’ असेही छापू नये. ती निरुपद्रवीच असती, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्वसाधारण तपासणीसाठी यांत्रिक निर्देशांकाची कमाल मर्यादा १.९ आणि डोळ्यांसाठी केवळ ०.२३ ठेवली नसती. ‘निदानासाठी योग्य रीतीने वापरल्यास अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही’ हे लांबलचक असले तरी खरे आहे.

शीर्षकात ‘श्राव्यातीत ध्वनितपासणी’ न लिहिता ‘सोनोग्राफी’च लिहावे; नाशिकमध्ये येणारा रुग्ण तोच शब्द घेऊन येतो. मजकूर असा करता येईल: ‘सोनोग्राफीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. ध्वनिलहरींची शक्ती आणि तपासणीचा वेळ निदानाला पुरेल इतकाच ठेवला जातो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत विशेष वैद्यकीय कारण असल्याखेरीज डॉपलर (रक्तप्रवाह पाहण्याची) तपासणी केली जात नाही.’ तिसरे वाक्य छापण्यापूर्वी केंद्राच्या डॉक्टरांना मात्र विचारून घ्यावे, कारण ते त्यांच्या कार्यपद्धतीविषयीचे विधान आहे.