न्यू जर्सीत घर घेताना शाळेच्या झोनसाठी किती जास्त मोजावं?

आधी उत्तर, मग पाल्हाळ. डिस्ट्रिक्टसाठी, म्हणजे गावातल्या सगळ्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या हद्दीसाठी, थोडे जास्त पैसे मोजावे लागले तर मोजा. डिस्ट्रिक्टच्या आत हायस्कूलचा जो झोन आखलेला असतो त्याच्यासाठी मात्र मोजू नका, निदान मुलगी साडेतीन वर्षांची असताना तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की एडिसनमधली दोन घरं मनात भरलीत आणि किंमत जवळपास सारखीच आहे. एक जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलच्या झोनमधलं छोटं टाऊनहाऊस, दुसरं एडिसन हायस्कूलच्या झोनमधलं, मागे अंगण असलेलं स्वतंत्र घर. नवरा ट्रेनने न्यूयॉर्कला जातो, तुमचं काम घरून, दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. आणि ओळखीचे सगळे सांगतायत की दोन्ही सोडा, लाखभर डॉलर जास्त गेले तरी चालतील पण शाळांसाठी नावाजलेलं वेस्ट विंडसर गाठा. मी मध्य जर्सीत बरीच वर्षं राहते, माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक शाळांतून शिकली. दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवणानंतर हा विषय निघतोच, त्यामुळे मतं भरपूर साठली आहेत.

पुण्या-मुंबईत आपण आधी शाळा ठरवतो आणि मग पोराला व्हॅनमध्ये बसवतो. हडपसरचं मूल कोथरूडच्या शाळेत जाऊ शकतं. अंतराचा काटेकोर हिशोब होतो तो आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी, तिथे एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. इथे साध्या पब्लिक शाळेला प्रवेशपरीक्षा नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही. पत्ता असला की प्रवेश मिळाला. त्यामुळे जी स्पर्धा आपल्याकडे शाळेच्या दारात चालते ती इथे घरांच्या किमतीत मुरलेली असते.

आता डिस्ट्रिक्ट आणि झोन या दोन रेषा. पहिली डिस्ट्रिक्टची हद्द. न्यू जर्सीसारख्या चिमुकल्या राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी ही हद्द टाउनशिपच्या हद्दीवरूनच जाते. प्रत्येकाचं स्वतंत्र बोर्ड, स्वतंत्र बजेट, आणि ते बजेट भरून काढायला तुमच्या घरावरचा टॅक्स. ही रेषा सहसा कुणी हलवू शकत नाही. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली, सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शहरातला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना उपनगरांच्या डिस्ट्रिक्टमध्ये पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, त्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय. निकाल बरा की वाईट यावर मी इथे बोलत नाही (वाईट, असं माझं मत). पण ही हद्द किती पक्की आहे ते यावरून कळावं.

दुसरी रेषा डिस्ट्रिक्टच्या आतली: कोणत्या गल्लीतलं मूल कोणत्या इमारतीत जाणार. ही बोर्डच आखतं आणि बोर्डच पुसतं. एखाद्या मंगळवारी संध्याकाळची मीटिंग, हात वर, झालं. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमॉन्टमध्ये २००० साली बोर्डाने मिशन सान होजे हायस्कूलच्या झोनमधला एक तुकडा काढून अर्व्हिंग्टन हायस्कूलला जोडला. त्या झोनसाठी तोंडाला फेस येईस्तोवर पैसे मोजलेल्या पालकांनी वेगळा डिस्ट्रिक्ट काढायचा घाट घातला, तो फसला. गंमत म्हणजे आज अर्व्हिंग्टनही नावाजलेलं आहे, कारण तीच मुलं तिकडे गेली. क्युपर्टिनोत आणखी निराळं घडलं. चांगल्या शाळांमुळे घरं इतकी महागली की लहान मुलं असलेल्या कुटुंबांना परवडेनाशी झाली, पट घसरत गेला आणि २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळाच बंद कराव्या लागल्या. शाळेसाठी घर घेतलं आणि शाळाच गेली!

तुमच्या एडिसनमध्ये तर शाळा वर्षानुवर्षं भरून वाहतायत. इमारती वाढवण्यासाठी कर्ज काढायचा प्रस्ताव २०१९ मध्ये मतदानाला आला, तो लोकांनी फेटाळला. अशा ठिकाणी दहा वर्षांनी झोनच्या रेषा आहेत तिथेच असतील यावर मी पैज लावणार नाही. तुमची मुलगी नववीत जायला अजून दहा वर्षं आहेतच. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय या दोन्ही शाळा एकाच बोर्डाच्या, एकाच बजेटवर चालणाऱ्या, टाउनशिपचा टॅक्सचा दरही एकच. तरीही जाहिरातीत ‘नॉर्थ एडिसन, जेपी स्टीव्हन्स’ हे शब्द स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या आधी येतात.

लोक या रेषेला किती किंमत देतात हे मोजलेलं आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांतली घरं घेतली, झोनच्या रेषेच्या अल्याड-पल्याडची, म्हणजे परिसर तोच, टॅक्स तोच, फक्त प्राथमिक शाळा वेगळी. १९९९ साली छापलेला निष्कर्ष असा, की परीक्षेतल्या गुणांत ५ टक्क्यांचा फरक असला तर पालक घराला साधारण अडीच टक्के जास्त देतात. परिसराचा फरक न वगळता हिशोब केला तर हाच आकडा दुपटीच्या आसपास दिसतो. म्हणजे ‘शाळेसाठी’ म्हणून आपण जे मोजतो त्यातलं निम्मं झाडं, फुटपाथ आणि शेजारपाजार यांचं असतं.

आणि ते शाळांना दिलेले दहापैकी नऊ, दहापैकी सहा असे आकडे. घरांच्या प्रत्येक वेबसाइटवर जे दिसतात ते बहुतेक ग्रेटस्कूल्स या संस्थेकडून येतात. त्यांनी २०२० मध्ये पद्धत बदलली, मुलांची वर्षभरातली प्रगती जास्त धरायला लागले, हे चांगलंच केलं. तरी त्या आकड्यात परीक्षेच्या गुणांचा वाटा मोठा आहे, आणि परीक्षेचे गुण आईवडिलांचं शिक्षण आणि पगार यांच्या मागोमाग चालतात. ज्या झोनमध्ये दर दुसऱ्या घरात दोन इंजिनिअर आणि बेसमेंटमध्ये गणिताच्या क्लासची वर्कशीट आहेत, त्या शाळेला नऊ मिळणारच. शिक्षक कसे आहेत हे त्यातून कळत नाही.

‘श्रीमंत गावात शाळांना पैसा जास्त’ हेही न्यू जर्सीत सरसकट खरं नाही. १९७३ साली देशाच्या सुप्रीम कोर्टाने टेक्ससच्या रॉड्रिग्झ खटल्यात हात वर केले: घरपट्टीवर चालणाऱ्या शाळांमधली विषमता देशाच्या घटनेविरुद्ध नाही, म्हणाले. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या कोर्टाने मात्र राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन उलट निकाल दिला. विधिमंडळ पैसे काढेना, तेव्हा १ जुलै १९७६ला कोर्टाने शाळाच बंद पाडल्या, आणि त्या दणक्यात या राज्यात इन्कम टॅक्स आला. पुढे अ‍ॅबट खटल्यातून कॅम्डन, न्यूअर्क, न्यू ब्रन्सविक अशा ३१ गरीब डिस्ट्रिक्टना राज्याचा पैसा मिळायला लागला, इतका की दर विद्यार्थ्यामागचा खर्च बऱ्याच सुखवस्तू टाउनशिपांच्या तोडीचा झाला. तरी लोक घर घ्यायला न्यू ब्रन्सविकला जात नाहीत. लाखभर डॉलर जास्त देऊन आपण वर्गात शेजारी कोण बसणार ते विकत घेतो. यात लाजण्यासारखं किती आणि व्यवहार किती, ते ज्याचं त्याने ठरवावं, पण निदान माहीत असावं.

एजंटला ‘शाळा कशी आहे हो?’ विचाराल तर तो गोड हसून वेबसाइट दाखवेल. ‘इथे आपले लोक किती?’ विचाराल तर हसणंही थांबेल. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश यांवरून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे, आणि शाळेबद्दलची शेरेबाजी त्याचीच पळवाट मानली जाऊ शकते. देसी एजंट कानात सांगतात, तो भाग वेगळा.

पत्त्यावर विश्वास ठेवू नका. ‘प्रिन्स्टन ०८५४०’ लिहिलेली कित्येक घरं प्रिन्स्टनमध्ये नाहीतच. ती वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक किंवा आणखी कुठली असतात आणि मुलं त्या त्या डिस्ट्रिक्टला जातात. टपालखात्याची हद्द वेगळी, शाळेची वेगळी. उलट क्रॅनबरीचं बघा: गावाची स्वतःची शाळा आठवीपर्यंतच, पुढे तिथली मुलं कराराने प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. टॅक्सच्या पावतीवर गावाचं नाव काय आहे ते बघायचं आणि घराचा नेमका पत्ता देऊन डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कचेरीला विचारायचं. विकणाऱ्याच्या जाहिरातीत चूक निघाली तर भांडत बसण्यात काही हाती लागत नाही.

खोट्या पत्त्याचा सल्ला कुणी दिलाच (मावसभावाच्या घरच्या वीजबिलावर वगैरे) तर कानावर हात ठेवा. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये एका आईने मुलींना आजोबांच्या पत्त्यावर शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातलं, म्हणून २०११ मध्ये तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. न्यू जर्सीत पकडलं तर डिस्ट्रिक्ट फी वसूल करू शकतो, आणि एच-वन-बीवर असताना कोणत्याही कागदावर खोटं लिहिणं हा नसता उद्योग आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या गप्पांत कमी येते ती म्हणजे काउंटी. मिडलसेक्स काउंटीच्या (एडिसन याच काउंटीत) स्वतःच्या मॅग्नेट शाळा, म्हणजे खास विषयांवर भर देणाऱ्या हायस्कुलं, आहेत, एडिसन अकॅडमी त्यातली प्रसिद्ध. प्रवेश चाचणीवर, फी नाही, आणि काउंटीतल्या कुठल्याही गावच्या मुलाला अर्ज करता येतो. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांचा डिस्ट्रिक्ट एकच, पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. म्हणजे एका वर्गात बसणाऱ्या दोघींपैकी एकीला ते दार उघडं आणि दुसरीला बंद. एडिसनच्या तुमच्या दोन्ही घरांना ते उघडं आहे.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्ट उत्तम आहे, वादच नाही. पण तिथल्याच सुपरिंटेंडेंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्याने, २०१५ साली पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय. आदल्या वर्षी १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं. त्यांनी सहामाही-वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवल्या. आपल्या बऱ्याच पालकांना ते रुचलं नाही, अभ्यासक्रम पातळ करताय म्हणाले. नऊ रेटिंगच्या शाळेत तुमची मुलगी पहिल्या दहात असायलाच हवी असा नियम नाही. मधल्या फळीतल्या मुलांचे तिथे हाल होतात, आणि बहुतेक मुलं, आपलीसुद्धा, मधल्या फळीतलीच असतात.

पैशाचं बोलायचं तर साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांचं कर्ज धरलं तर जास्तीच्या एक लाख डॉलरचा हप्ता महिन्याला सुमारे ६३२ डॉलर पडतो. वर टॅक्स. या राज्याचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल २०२४ मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा शाळांचा. किमतीतला फरक घर विकताना बराचसा परत येतो. टॅक्स परत येत नाही.

म्हणून वेस्ट विंडसरच्या शाळाच हव्या असतील तर घर न घेता आधी प्लेन्सबरोत भाड्याने राहा, असं मी सांगेन. तिथल्या मोठमोठ्या अपार्टमेंट वसाहतींमध्ये आपली कितीतरी कुटुंबं याच कारणासाठी राहतात. भाडेकराराच्या कागदावरही मुलीला तोच प्रवेश मिळतो, शाळा मालक-भाडेकरू असा भेद करत नाही. नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला सावरायला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात अपार्टमेंट सोडता येतं. घर विकणं अवघड.

पण तुमचा कल एडिसनकडे दिसतोय, आणि नवऱ्याला रोज प्रिन्स्टन जंक्शनहून आणखी लांबचा प्रवास करायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या दोनांतलं मी अंगणवालं घेईन. शाळेची पहिली सहा वर्षं मुलीचा संबंध येणार तो प्राथमिक शाळेशी, तेव्हा हायस्कूल बाजूला ठेवून त्या पत्त्याची एलिमेंट्री कोणती ते डिस्ट्रिक्टकडून लेखी घ्या. शाळा सुटायच्या वेळी बाहेर उभं राहून दोन-चार आयांशी बोला, आपल्याच नव्हे. किंडरगार्टनसाठी पाच वर्षं कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण लागतात तेही विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी ती १ ऑक्टोबर असते. मुलगी ऑक्टोबर-नोव्हेंबरची असेल तर तुमच्या हातात अख्खं एक वर्ष जास्त आहे, मग या उन्हाळ्यात बोली लावायची घाईच नको.