शरदाचे चित्र आणि सागाचे पान

प्रश्न : मी खेड्यात राहते आणि जलरंगात चित्रे काढते. ‘ऑटम’ या विषयावर चित्रमालिका करायला घेतली, तेव्हा संदर्भासाठी मिळाली ती सारी लाल-केशरी मेपलची छायाचित्रे. त्यांवरून केलेली चित्रे मला परकी वाटतात. आपण विदर्भातच राहून या ऋतूची चित्रे काढता. आपल्याला प्रेरणा कशातून मिळते?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि तिचे मूळ त्या एका इंग्रजी शब्दात आहे, कारण ‘ऑटम’मध्ये शरद आणि पानगळ एकत्र येतात. थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की पानांतील हरितद्रव्य ओसरते, त्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो आणि मेपलसारखी काही झाडे लाल रंग नव्याने तयार करतात. आपल्याकडे मात्र शरद आश्विन-कार्तिकात येतो आणि पानगळ शिशिरात, कारण आपला साग पाने टाकतो तो थंडीमुळे नव्हे, तर कोरड्या दिवसांत पाणी राखण्यासाठी. म्हणून प्रथम ठरवावे की आपल्याला शरद रंगवायचा आहे की पानगळ.

माझा शरद वावरात सुरू होतो. सोंगणीच्या आधी सोयाबीनची पाने पिवळी पडून गळतात आणि तपकिरी शेंगांनी लगडलेली उघडी झाडे उरतात. शेजारी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे फुटत असतात, कुठे सीतादही (पहिल्या वेचणीआधीची पूजा) होऊन वेचणीही लागलेली असते, आणि तूर मात्र अजून गर्द हिरवी असते. हे तिन्ही रंग एकाच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसतात. त्यातच पावसाने धुतलेल्या हवेमुळे सकाळच्या सावल्या निळसर पडतात, आणि मला वाटते की आपल्या शरदाचा खरा रंग हा निळाच आहे, पिवळा नव्हे.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातील गंज्यांची सुमारे २५ चित्रे केली. ऊन बदलले की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत असे. हे वाचल्यापासून मी मळणीआधीच्या सोयाबीनच्या गंजीकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. एकच गंजी सकाळी राखाडी, दुपारी फिकट आणि सूर्य कलताना तांबूस दिसते.

जंगलाने मला जे दिले ते याहून लहान आहे, पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांवर एक अळी पडते. ती पानाचा हिरवा गर खाते आणि शिरा तशाच ठेवते, त्यामुळे परातीएवढे पान तपकिरी जाळी होऊन फांदीवर लटकत राहते. असे एक पान मी खिडकीत उन्हासमोर धरले, तेव्हा मधल्या जाड शिरेपासून केसाएवढ्या बारीक शिरांपर्यंतचे सारे रेखाटन माझ्या कागदावर सावली होऊन उतरले. त्या सावलीवरून मी पेन्सिल फिरवली, आणि पुढची दोन वर्षे मी दुसरे फारसे काही काढले नाही. वन विभागाच्या दृष्टीने ही कीड आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ते पान मी जपून ठेवले आहे.

पानगळच हवी असेल, तर माघ-फाल्गुनापर्यंत थांबावे. तेव्हा निष्पर्ण पळस फुललेला असतो, आणि पुढे मोहफुले वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून टाकतात, त्यामुळे करड्या रानात झाडाझाडाखाली स्वच्छ किंवा काळी वर्तुळे उमटतात. तो विषय इतका मोठा आहे की त्याची मालिका वेगळीच करावी.

रंगांविषयी एवढेच सांगतो, की काळ्या जमिनीसाठी ट्यूबमधला काळा वापरू नये. वाळलेली काळी माती राखाडीकडे झुकते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात अल्ट्रामरीन हा निळा मिसळल्यास ती बरोबर साधते, आणि भेगा त्याच मिश्रणाने थोड्या गडद कराव्यात. दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी लागेल तेव्हा सकाळी आठच्या आत धुऱ्यावर जाऊन बसावे, कारण त्यानंतर ऊन चढते आणि सावल्यांतला निळा निघून जातो.