निवृत्तीच्या पत्रिकेत 'पाचारण' चालेल का?

ऐरोलीहून एका वाचकाने विचारले आहे: 'मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात काम करतो. आमच्या मेट्रन या महिन्याअखेर निवृत्त होत आहेत. त्या ख्रिस्ती आहेत. पत्रिकेसाठी त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी एक ओळ लिहून दिली: "प्रभूने त्यांना रुग्णसेवेसाठी पाचारण केले." काही सहकारी म्हणतात, पाचारण अग्निशमन दलाला करतात, इथे सरळ "बोलावणे" लिहा. दुसरे म्हणतात, "हा व्यवसाय निवडला" असे लिहा. बरोबर काय?'

पाळकांची ओळ तशीच ठेवा. आणि काही झाले तरी तिथे 'बोलावणे' घालू नका! 'त्यांना देवाचे बोलावणे आले' असे छापलेत तर निम्मे पाहुणे हार घेऊनच येतील, पण वेगळ्या कारणासाठी. मराठीत वरून येणारे बोलावणे एकाच प्रकारचे असते आणि ते आल्यावर निरोप समारंभ करत नाहीत.

सहकाऱ्यांची शंका मात्र रास्त आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द पार आणीबाणीचा करून टाकला आहे. कारखान्यात आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण, स्टेशनात बेवारस बॅग दिसली की बॉम्बशोधक पथकाला पाचारण, येऊरच्या पायथ्याशी बिबट्या दिसला की वनविभागाला पाचारण. वाचून वाचून त्याला सायरनचा आवाज चिकटला आहे. तरी या बातम्यांतही शब्दाचे दोन जुने गुण शाबूत आहेत. एक, काम निभावण्याचे कसब ज्याच्याकडे आहे त्यालाच पाचारण करतात. नुसती गर्दी जमवायला कुणी करत नाही. दोन, पाचारणारा अधिकाराने पाचारतो. राजाने प्रधानाला पाचारण केले, हे ठीक. 'मी साहेबांना चहाला पाचारण केले' म्हणून पाहा, ऑफिसात आठवडाभर चेष्टा होईल.

हेच दोन गुण बायबलच्या मराठी भाषांतरकारांना हवे होते. बायबलातल्या पौल या प्रेषिताच्या पत्रांत 'क्लेसिस' हा ग्रीक शब्द येतो, 'हाक मारणे' या क्रियापदापासून झालेला. त्याच्यासाठी मराठीत 'पाचारण' रुळले. इफिसकरांच्या पत्रात पौल सांगतो, की तुम्हांला झालेल्या पाचारणाला शोभेल असे वागा. आता हे पाचारण मुळात नोकरीधंद्याचे नव्हे, श्रद्धेचे आहे. देव माणसाला हाक मारतो, एवढाच अर्थ. मग ते इस्पितळाच्या वॉर्डात कसे शिरले?

मध्ययुगीन युरोपात देवाचे पाचारण झालेला माणूस म्हणजे मठात गेलेला माणूस, अशी समजूत होती. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने ती मोडली. शेतकरी, मोलकरीण, आई, न्यायाधीश, ज्याने त्याने आपले काम शेजाऱ्याच्या भल्यासाठी केले तर तेही देवाने सोपवलेलेच, असे तो म्हणाला. त्याचे संपूर्ण जर्मन बायबल १५३४ साली छापून झाले. त्यातल्या सिराखच्या ग्रंथात ग्रीकमध्ये नुसते 'काम' आणि 'कष्ट' असे शब्द आहेत, तिथे त्याने हाकेशी नाते सांगणारा 'बेरूफ' हा शब्द घातला. (सिराख कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही, तुमच्या पाळकांना विचारायला गेलात तर ते हे आधी सांगतील.) आज जर्मन माणूस अर्जात 'बेरूफ' या रकान्यापुढे प्लंबर किंवा शिक्षक असे निमूट लिहितो. देव त्या शब्दातून केव्हाच बाहेर पडला आहे.

मराठीत उलटे झाले. 'पाचारण' देवळातच, म्हणजे चर्चमध्येच, राहिले, नोकरीच्या अर्जावर कधी आले नाही. ख्रिस्ती घरांतली रोजची बोली ऐका. 'मोठा पूर्णवेळ सेवेत आहे, धाकटा नोकरी करतो.' म्हणजे मोठा पाळक आणि धाकटा महापेच्या एखाद्या कंपनीत. सेवा एकीकडे, नोकरी दुसरीकडे. कॅथलिकांतही 'तिला पाचारण आहे' म्हटले की ती मठात जाणार, असाच अर्थ बहुतेक जण घेतील. म्हणून एका पाळकाने आपणहून मेट्रनच्या कामाला हा शब्द लावला, हे मला फार आवडले.

धर्मगुरू नसलेल्याचे कसब धर्मकार्याला लागणे ठाण्याला तसे नवे नाही. १३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यांतला तिफ्लिसचा देमेत्रियस धर्मगुरू नव्हता. त्याला भाषा येत होत्या. आम्हा शब्दवेड्यांना तोच जवळचा!

आता 'व्यवसाय'. हा शब्दही दिसतो तितका कोरडा नाही. संस्कृतात त्याचा अर्थ निश्चय. गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धी' दुकानदाराची नव्हे, ठाम निश्चयाची बुद्धी. पण व्यवसायात निश्चय करणारा मीच असतो आणि पाचारणात बोलावणारा दुसराच कुणी. 'हा व्यवसाय निवडला' या वाक्याची कर्ता मेट्रनबाई होते, पाळकांच्या वाक्याचा कर्ता प्रभू आहे. त्यांना नेमके तेच सांगायचे आहे, म्हणून ही अदलाबदल होणार नाही.

कुणी म्हणेल, मग हे आपले 'स्वकर्म'च की. ज्ञानेश्वरांची स्वकर्मकुसुमांनी केलेली पूजा आठवणारच. काम हीच पूजा, इथवर दोन्ही शेजारी बसतात. पण स्वकर्माचा अर्थ आपल्याकडे बरीच शतके जन्माने ठरलेले काम असा लावला गेला. पाचारणाचाही तसा गैरवापर करता येतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने तीतच राहावे असे वचन आहे, आणि ते एवढेच तोडून वाचले तर भयंकर आहे. लगेच पुढच्या ओळीत पौल दासाला सांगतो, मोकळे होता येत असेल तर खुशाल हो. (या ओळीच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे, पण बहुतेक भाषांतरे असाच अर्थ घेतात.) नगरकडच्या कितीतरी कुटुंबांनी गावकीची कामे टाकून मिशनच्या शाळांतून शिक्षक आणि परिचारिका होणे पत्करले. त्यांच्या नातवंडांपुढे 'तीतच राहावे'चा अर्धा उतारा वाचू नये.

पत्रिकेत आणखी एक ठिकाण जपा. तुम्ही प्रश्नात 'मेट्रन' लिहिलेत ते बरे. वॉर्डात आपण सर्रास 'सिस्टर' म्हणतो, पण कॅथलिक पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे सिस्टर म्हटले की आधी मठवासी भगिनी येते. सरकारी मराठीत मेट्रनला 'अधिसेविका' म्हणतात, वॉर्ड सिस्टरला 'परिसेविका'. हे शब्द रुक्ष म्हणून हिणवले जातात, मला ते इथे चपखल वाटतात. देवळाने पाळकांपुरती राखलेली 'सेवा' शासनाने पदनामातच घालून ठेवली आहे.

तुम्ही पत्रात लिहिले आहे, की बाई ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती घेताना, कागदावर विसंबत नाहीत, खाटेखाटेशी थांबून रुग्णाला नावाने विचारतात. ते पत्रिकेत घ्या. 'निष्ठा', 'समर्पण' वगैरे काढून टाका, ते प्रत्येक निवृत्तीला छापतात. बायबलमधलेच काही हवे असेल तर कलस्सैकरांच्या पत्रातला 'जिवेभावे' हा शब्द उचला: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, अशा अर्थाचे ते वचन आहे. फक्त ते मुळात दासांना उद्देशून आहे, तेव्हा व्यवस्थापनाच्या सहीखाली ते छापू नका. सहकाऱ्यांच्या तोंडी शोभेल.

राहिले व्याकरण. पाचारण नपुंसकलिंगी: पाचारण केले, पाचारण झाले. ज्याला बोलावले त्याला 'ला' लागतो, म्हणून 'त्यांना पाचारण केले' बरोबर आणि 'त्यांचे पाचारण केले' कानाला खटकते. 'केले'पुढे 'होते' मात्र जोडू नका. 'पाचारण केले होते' म्हटले की आता ते संपले असा वास येतो, आणि निवृत्तीनंतरही बाई मंडळीतल्या आजाऱ्यांचे रक्तदाब तपासणार असतील तर त्या तुमच्यावरच उखडतील.