दीड लाख युरो की दोन वर्षांची हमी?

नमस्कार,

इतर वाचकांसाठी आधी तुमच्या पत्राचा गोषवारा देतो. वय 31, व्यावसायिक बास्केटबॉलमधलं नववं वर्ष, त्यातली सहा वर्षं परदेशात. डाव्या गुडघ्याच्या मिनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची, शस्त्रक्रिया झालेली. युरोपातून दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला क्लब एका हंगामाचे 1,50,000 युरो देतोय, पण गेल्या तीनपैकी दोन हंगामांत त्याने खेळाडूंचे पगार रखडवले. दुसरा क्लब लहान आहे आणि पैसे वेळेवर देतो. त्याचे हंगामाला 95,000, करार ‘1+1’, म्हणजे एक वर्ष नक्की आणि पुढचं एक ऐच्छिक. दोन्ही रकमा कर वजा जाऊन हातात येणाऱ्या. बचत 1,20,000, घरखर्च वर्षाला 40,000. पहिला प्रस्ताव घेतला तर 80,000 भरून 20 वर्षांच्या कर्जावर मायदेशी दुसरं घर घ्यायचा विचार आहे. एजंट पहिल्याच्या बाजूने, पत्नी दुसऱ्याच्या.

पगार थकवणाऱ्या क्लबच्या वाटेला जाऊ नका, असं मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. आकडे मात्र तसं म्हणत नाहीत. तुमच्या मसुद्यात पगाराचे दहा हप्ते आहेत. समजा शेवटचे तीन बुडालेच, तरी 1,05,000 हातात पडलेले असतील. म्हणजे वाईट वर्षातही पहिला क्लब दुसऱ्यापेक्षा 10,000 जास्त देतो. प्रश्न एकाच वर्षाचा असता तर मी तुमच्या एजंटला मत दिलं असतं.

पण तुम्ही 31 वर्षांचे आहात आणि गुडघ्यावर एकदा शस्त्रक्रिया झाली आहे. त्यामुळे खरा प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे, आणि त्याचं उत्तर त्या ‘+1’ मध्ये दडलंय. हे जादा वर्ष घ्यायचं की नाही, हे कोण ठरवणार? ते तुम्ही लिहिलेलंच नाही. अधिकार क्लबचा असेल तर तो करार दोन वर्षांचा नाही. तुम्ही चांगले खेळलात तर क्लब तुम्हाला त्याच 95,000 मध्ये ठेवून घेईल, गुडघा दुखावला तर निरोप देईल. दोन्हीकडून फायदा त्याचाच. ‘दोघांच्या संमतीने’ असं लिहिलं असेल तर त्याची किंमत शून्य धरा. दोघांची संमती असेल तर करार कधीही होतो. अधिकार तुमचा असेल, किंवा दुसरं वर्ष पूर्ण हमीचं असेल, तरच हिशेब बदलतो.

किती बदलतो ते बघा. हमीची दोन वर्षं म्हणजे 1,90,000. पहिल्या क्लबने सगळे पैसे दिले तर बरोबरी साधायला पुढच्या वर्षी तुम्हाला कुठून तरी फक्त 40,000 मिळायला हवेत. निरोगी खेळाडूला ते अवघड नाही. तीन हप्ते अडकले तर मात्र 85,000 लागतील, तेही 32 व्या वर्षी, आणि कदाचित आधीच्या क्लबशी वाद चालू असताना. गुडघ्याने साथ सोडली तर दोन्ही आकडे निरर्थक.

माझं मत असं. एजंटला सांगा की दुसऱ्या क्लबकडून दुसरं वर्ष हमीचं करून घे. त्यासाठी दुसऱ्या वर्षाचे 10,000 कमी करावे लागले तरी करा. क्लब तयार झाला तर दुसरा प्रस्ताव घ्या. ‘अधिकार आमचाच’ म्हणाला तर पहिला घ्या, पण खाली लिहिलेल्या अटींवर. जाता जाता एजंटबद्दल: युरोपात त्याचं मानधन बहुधा क्लब देतो आणि ते साधारण 10 टक्के असतं. पहिल्या करारात त्याला आत्ता 15,000 दिसतात, दुसऱ्यात 9,500. तो वाईट सल्ला देतोय असं मी म्हणत नाही. दुसरं वर्ष हमीचं झालं तर त्याचेही 19,000 होतात, एवढं त्याच्या लक्षात आणून द्या.

हमीचीही मर्यादा ओळखा. हमी देतो क्लब, त्यामुळे तिचं वजन क्लबच्या तिजोरीइतकंच. इटलीची लीग वर्षानुवर्षं गाजवणारा सिएनाचा मेन्स साना 2014 मध्ये दिवाळखोरीत गेला. 2020 मध्ये युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, हंगाम मार्चमध्ये थांबला आणि मे महिन्यात रद्दच झाला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियन क्लबना युरोलीगमधून निलंबित केलं, तेव्हा अनेक परदेशी खेळाडू हंगाम अर्धवट टाकून निघाले. शिवाय बहुतेक करारांत हमी सुरू होते ती क्लबच्या वैद्यकीय तपासणीत पास झाल्यावर. गुडघ्याची शस्त्रक्रिया लपवू नका. ‘ही दुखापत क्लबला माहीत आहे आणि तिच्या कारणावरून करार मोडता येणार नाही’ असं वाक्य मसुद्यात घालून घ्या. दोन्ही प्रस्तावांतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा या वाक्याचं मोल तुमच्यासाठी जास्त आहे.

आता पहिल्या क्लबच्या अटी. एक हप्ता सही करताना आणि एक तिथे पोहोचल्यावर मागा. आधी हातात आलेला पैसा वादात अडकत नाही. हप्ता ठरावीक दिवसांपेक्षा लांबला तर सराव आणि सामने थांबवण्याचा हक्क, आणि आणखी लांबला तर करार संपवून उरलेली सगळी रक्कम एकदम मागण्याचा हक्क लिहून घ्या. वाद बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जाईल असं कलम हवंच. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, 2007 मध्ये उभं केलेलं हे लवाद मंडळ जिनिव्हात आहे, आणि करारात कलम नसेल तर ते तुमची तक्रार ऐकून घेणार नाही. निकाल न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यापासून फिबा रोखू शकते, म्हणून हे कलम नुसतं शोभेचं नाही. पण तिथेही आगाऊ खर्च भरावा लागतो, आणि क्लबने आपला वाटा भरला नाही तर दावा पुढे न्यायला तोही बहुधा तुम्हालाच भरावा लागतो. तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच त्या क्लबकडे जा. पगाराचा काही भाग इमेज राइट्सच्या (तुमचं नाव आणि छायाचित्र वापरण्याच्या हक्कांच्या) वेगळ्या करारात टाकण्याची पद्धत आहे. तसं असेल तर हीच कलमं त्यातही हवीत, नाहीतर पगाराचा तेवढा भाग संरक्षणाबाहेर राहील.

कराबद्दल तुमचा एक समज चुकीचा आहे. ‘183 दिवसांपेक्षा कमी राहिलो तर तिथे कर लागत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. एकाच कमाईवर दोन देशांत कर लागू नये म्हणून देश आपसांत करतात ते बहुतेक दुहेरी कर करार ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले आहेत आणि त्यातलं 17 वं कलम खेळाडूंसाठी वेगळं आहे: जिथे खेळलात तिथे कर लावता येतो, मुक्काम कितीही छोटा असो. ‘निव्वळ’ पगाराचा कर क्लब भरतो खरा, पण तो तुमच्या नावावर. क्लबने भरला नाही तर नोटीस तुम्हाला येणार. दर वर्षी कर भरल्याचं प्रमाणपत्र मिळेल, हे करारात लिहून घ्या. ते कागद जपून ठेवा, मायदेशी विवरण भरताना लागतील. निव्वळ पगारात निवृत्तिवेतनाची वर्गणी धरली आहे की नाही, तेही विचारा.

राहिलं घर. या वर्षी नको, कुठलाही प्रस्ताव घेतलात तरी. 80,000 भरले की हातात 40,000 उरतात, म्हणजे एका वर्षाचा खर्च, आणि वर कर्जाचा हप्ता. पगाराचे महिने दहा, खर्चाचे बारा, आणि कर्ज 20 वर्षांचं. तुमची कारकीर्द पस्तिशीपर्यंत चालेल असं धरलं तरी कर्जाची 16 वर्षं तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी कमाईतून फेडणार आहात. ती कमाई कुठली, याबद्दल पत्रात अक्षर नाही. कोचिंग असो वा आणखी काही, त्याचा लायसन्स किंवा कोर्स याच दोन वर्षांत करायचा असेल तर त्यासाठी पैसे मी आनंदाने काढून देईन.

बचतीतले 80,000, म्हणजे दोन वर्षांचा घरखर्च, कमी जोखमीच्या आणि चटकन मोडता येणाऱ्या ठेवींत ठेवा, आणि तेही क्लब आहे त्या देशात नाही. उरलेल्या 40,000 मधून उत्पन्न-संरक्षण विम्याची चौकशी करा. शस्त्रक्रिया झालेला गुडघा विमा कंपनी वगळेल, तरी बाकीच्या शरीराचा विमा मिळतो. परदेशात फ्लॅट आणि गाडी क्लबची असल्याने यंदा तुमचा स्वतःचा खर्च कमीच राहील. करार संपल्यावर फ्लॅट किती दिवसांत सोडायचा, तेवढं आत्ताच विचारून ठेवा. मुलांची शाळा चालू असेल तर दोन आठवड्यांची मुदत फार तोकडी पडते.

‘+1’ बद्दल एजंटचं उत्तर आलं की ते कलम जसंच्या तसं मला पाठवा.