आरशासमोरचा प्रसंग आणि कॅमेऱ्याची जागा

प्रश्न : आमच्या लघुपटात नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःशी बोलते, असा एक प्रसंग आहे. कॅमेरा समोर ठेवला तर तो आरशात दिसतो आणि फार बाजूला नेला तर तिची नजर भलतीकडेच गेल्यासारखी वाटते. चित्रीकरणानंतर संगणकावर कॅमेरा पुसून टाकणे, एवढाच मार्ग उरतो का?

उत्तर : तो मार्ग शेवटचा समजावा. सपाट आरशात कॅमेरा केव्हा दिसतो, याचा नियम अगदी साधा आहे. लेन्सपासून आरशाच्या पातळीवर लंब टाकावा. तो काचेवर टेकला तर लेन्सला स्वतःचे प्रतिबिंब दिसू शकते आणि काचेच्या कडेबाहेर टेकला तर दिसणे शक्यच नाही. म्हणून कॅमेरा हलवण्याआधी आरसा किंचित वळवून पाहावा. ६० सेंटिमीटर रुंदीच्या आरशाच्या मध्यासमोर २ मीटरवर लेन्स असेल, तर आरसा सुमारे ९ अंश वळवल्यावर तो लंब काचेबाहेर जातो. तीच लेन्स ४ मीटरवर नेली, तर साडेचार अंशही पुरतात आणि इतके वळण पडद्यावर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स घेऊन मागे सरकणे, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे. अर्थात लेन्स सुटली म्हणजे सगळे सुटले असे नव्हे. तिपाई, दिवे आणि कॅमेऱ्यामागे उभी असलेली माणसे यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नजरेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चौकटीत नायिकेची पाठ आणि आरशातला चेहरा असे दोन्ही असतील, तर तिने खरोखरच स्वतःच्या डोळ्यांत पाहावे, कारण तेव्हा प्रतिबिंबाची नजर तिच्याकडेच वळलेली दिसते. चौकटीत केवळ प्रतिबिंब असेल, तर मात्र तीच खरी नजर प्रेक्षकाला बाजूला गेलेली वाटते. अशा वेळी तिने आरशात दिसणाऱ्या लेन्सच्या अगदी शेजारी पाहावे. थेट लेन्सकडे पाहिल्यास ती प्रेक्षकाशी बोलते आहे असे वाटू लागते. खुणेसाठी रंगीत पट्टी काचेवर लावू नये, ती चित्रात येईल. लेन्सच्या हूडच्या, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या आडोशाच्या, कडेला लावावी. प्रेक्षक ही फसवणूक सहज स्वीकारतो. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझच्या सतराव्या शतकातील चित्रात व्हीनस या रोमन देवतेचा चेहरा आपल्याला आरशात दिसतो, म्हणजे तिलाही त्या आरशात आपणच दिसायला हवे. तरीही ती स्वतःला न्याहाळते आहे, असेच बहुतेकांना वाटते. मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या भ्रमाला 'व्हीनस इफेक्ट' असे नाव दिले.

फोकस लावताना आरशापर्यंतचे अंतर मोजून थांबू नये. लेन्स आरशापासून ३ मीटरवर आणि नायिका १ मीटरवर असेल, तर प्रतिबिंबासाठी फोकस साधारण ४ मीटरवर लागतो.

प्रश्न : लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावल्यास आरशातला कॅमेरा नाहीसा होतो का? आणि आमच्या आरशाला कोनात जोडलेला दुसरा आरसा आहे, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही. पोलरायझर पाण्यावरचे किंवा साध्या काचेवरचे प्रतिबिंब कमी करतो. आरशाच्या मागे धातूचा थर असतो आणि त्यावरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याची मात्रा चालत नाही. दुसरा आरसा मात्र पुष्कळ फरक पाडतो. दोन उभे आरसे बरोबर ९० अंशांत जोडलेले असतील, तर किरण दोन्हींवर आदळून आल्या दिशेनेच परततो. त्यामुळे कॅमेरा डावी-उजवीकडे कुठेही नेला तरी त्या सांध्यापाशी तो स्वतःलाच पाहतो. तो कोन बदलावा, ते जमत नसेल तर सांधा चौकटीबाहेर ठेवावा किंवा नायिकेलाच त्याच्या आड उभे करावे.