ऑफलीतलं काकांचं घर पाडायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. आयर्लंडच्या ऑफली काउंटीत तुमच्या मिस्टरांच्या काकांचं शेतावरचं घर आहे. काका गेल्यापासून नऊ वर्षं ते बंद आहे. वर लाल पत्रा, आतल्या भिंतींना कमरेपर्यंत ओल, आणि बिल्डर म्हणतो की पाडा आणि नवं बांधा. घर किती जुनं, तिथे कोण कोण राहिलं हे कुठे कळेल आणि ते वाचवण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमच्या वर्णनावरून तरी मला ते घर पाडण्याजोगं वाटत नाही. घर दीडशे-दोनशे वर्षांचं असेल, पण ओल बहुतेक गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली आहे. ती कशी, ते पुढे सांगते.

मी पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीत राहते. सासूबाईंच्या माहेरचं घर आम्ही दुरुस्त केलं, त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या कामात चुका केल्या, पैसे घालवले आणि पुष्कळ शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की दार उघडलं की समोर हातभर अंतरावर आडवी भिंत येते आणि तिला वीतभर खिडकी आहे, ती कशाला ते कळत नाही. त्या भिंतीच्या पाठीमागे चूल आहे, बघा. भिंत दारातून येणारा वारा अडवते, आणि चुलीपाशी बसलेल्या माणसाला त्या खिडकीतून अंगणात कोण आलं ते उठल्याशिवाय दिसतं. ही रचना आयर्लंडच्या पूर्वेकडची, आग्नेयेकडची आणि तुमच्या मध्य भागातली. आमच्याकडे पश्चिमेला दार सरळ स्वयंपाकघरात उघडतं आणि चूल पार दुसऱ्या टोकाला असते. पश्चिमेकडच्या कित्येक घरांत तर दाराच्या खालच्या अंगाला गुरं बांधत, माणसं आणि गाई एकाच छपराखाली. सांगायचा मुद्दा असा की त्या आडव्या भिंतीवरूनच तुमचं घर कुठल्या परंपरेतलं ते कळतं. बिल्डरला ती अडगळ वाटेल. तिला हात लावू देऊ नका.

घर लांबलचक आणि अरुंद का, हेही त्यात आलंच. अठराव्या शतकापर्यंत इथली जंगलं जवळजवळ संपली होती. मोठं लाकूड गरिबाच्या हाती येत नव्हतं. दलदलीत, पीटच्या म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांखाली हजारो वर्षं गाडले गेलेले ओक आणि पाइनचे बुंधे उकरून काढायचे आणि त्यांचे वासे करायचे, अशी पद्धत होती. असे वासे जेवढे पुरतील तेवढीच घराची रुंदी, साधारण चौदा-पंधरा फूट. त्यामुळे खोल्या एकीपुढे एक, मधे बोळ नाही, एका खोलीतून दुसरीत जायचं. कुटुंब वाढलं की घर लांबीने वाढवायचं. रुंदीने वाढवणं अशुभ मानत, आणि पश्चिमेला वाढवणं तर बऱ्याच ठिकाणी वर्ज्यच. तुमच्या बाहेरच्या भिंतीवर एखादी उभी सरळ फट खालपासून वरपर्यंत दिसते का बघा. दिसली तर तिथे जुनं घर संपतं आणि वाढवलेलं सुरू होतं.

आता पत्रा. तो काढायची घाई अजिबात करू नका. शाकारणी करणारे हात कमी झाले तेव्हा शेतकऱ्यांनी गवत न काढता त्यावरच पत्रे ठोकले. त्यामुळे आतलं छप्पर जसंच्या तसं टिकलं. आमच्या गोठ्यावरचे पत्रे उचलले तो दिवस मला अजून आठवतो. खाली ओटच्या पेंढ्याचे थर होते, हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या केसांच्या आकड्यासारख्या पिळून, वाकवून त्यांनी टाचलेले. त्याखाली गवतासकट सोललेले मातीचे लांब पट्टे, ज्यांना इथे स्क्रॉ म्हणतात, चटईसारखे अंथरलेले. त्यातली मुळं अजून दिसत होती. आणि सगळ्यांत खाली धुराने काळे कुळकुळीत झालेले, वाकडेतिकडे वासे, एकाही खिळ्याविना, गवताच्या दोरीने बांधलेले. सासूबाईंनी त्या दोरीचा एक तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "ही वळायला मी आजोबांना पेंढा पुरवायची." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

घराचं वय काढताना थोडा इतिहास लागतो. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडच्या घरांचे चार वर्ग केले होते. चौथा वर्ग म्हणजे मातीची एकखणी झोपडी. अशी घरं तेव्हा ४ लाख ९० हजारांच्या वर होती. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला आणि मोठा दुष्काळ झाला. १८५१ मध्ये चौथ्या वर्गाची घरं उरली १ लाख ३६ हजारांच्या आत. लोकसंख्या साधारण ८२ लाखांवरून साडेपासष्ट लाखांवर आली. नाहीशा झालेल्या त्या साडेतीन लाख घरांतली माणसं मेली, बोटीने निघून गेली किंवा हाकलली गेली. हाकललेल्यांनी परत शिरू नये म्हणून छप्परं पाडत. म्हणजे आज जे जुनं घर उभं दिसतं ते दुष्काळातून तगलेल्या, त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याचं, किंवा नंतर बांधलेलं असतं. सगळ्यांत गरिबांचं जवळजवळ काहीच उरलं नाही. म्हणून उरलेलं एकेक घर पडलं की मला फार वाईट वाटतं.

दुसरा टप्पा जमिनीचा. कूळ म्हणून राहणारा माणूस घराला पैसा लावायला कचरायचा. घर सुधारलं तर जमीनदार खंड वाढवेल ही भीती होती. १८७९ मध्ये पश्चिमेकडच्या मेयो काउंटीत मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, १८८१ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं आणि १९०३ च्या विंडम कायद्याने जमीन मोठ्या प्रमाणावर विकत घेता येऊ लागली. सरकारी कर्ज, वर्षाला सव्वातीन टक्क्यांचा हप्ता, साडेअडुसष्ट वर्षांत फेडायचं. जमीन स्वतःची झाल्यावर लोकांनी भिंती उंच केल्या, माळा काढला, खिडक्या मोठ्या केल्या, छपरासाठी वेल्समधली निळसर स्लेट, म्हणजे पातळ दगडी पाट्या, आणली. तुमच्या घराची भिंत वरच्या दोन-तीन फुटांत वेगळ्या दगडाची वाटली तर ती बहुधा या काळातली वाढ.

आता कागदपत्रं. घरबसल्या मिळण्यासारखं पुष्कळ आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी भूमापन खात्याचे, मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे १८३० च्या दशकापासूनचे आहेत. त्यात काकांच्या टाउनलँडमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारख्या हद्दीत, घराच्या जागी छोटा आयत काढलेला आहे का पाहा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा शेजारी ठेवा. आयत लांब झालेला दिसेल किंवा नवे गोठे दिसतील. पुढे ग्रिफिथ यांची मूल्यांकन यादी, १८४७ ते १८६४ मधली: कब्जेदार कोण, जमीनदार कोण, जमिनीची आणि इमारतींची किंमत किती, सगळं वेगवेगळं. त्यानंतरच्या बदलांच्या वह्या डब्लिनला ठेवल्या आहेत. जुनं नाव खोडून नवं नाव रंगीत शाईने, दर फेरीला वेगळा रंग. सातबाऱ्याचे फेरफार ज्यांनी बघितलेत त्यांना ती वही लगेच वाचता येईल.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतली घराची नोंद. ती मोफत बघता येते. तुमची काउंटी तेव्हा 'किंग्ज काउंटी' होती, त्या नावाने शोधा, नाहीतर काहीच सापडणार नाही. कुटुंबाच्या पानाबरोबर बी-१ नावाचा तक्ता असतो. दगडाची भिंत असेल तर १ गुण, मातीची असेल तर ०. स्लेट किंवा पत्रा १, गवत ०. दोन ते चार खोल्या असतील तर २ गुण. समोरच्या खिडक्या जितक्या, तितके गुण. बेरीज करून वर्ग ठरवायचा. माती, गवत, तीन खोल्या, समोर तीन खिडक्या: एकूण ५, म्हणजे तिसरा वर्ग. तेच घर दगडी असतं तर ६ आणि दुसरा वर्ग. तुमच्या घराच्या पुढे भिंतीचा गुण ० आहे की १, हे मला मुद्दाम कळवा, कारण त्यावर दुरुस्तीचं सगळं अवलंबून आहे. बी-२ तक्त्यात गोठे, डुकरांचा खुराडा, कोठार यांची मोजदाद असते, तीही बघा. शिवाय १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५० हजार शाळकरी मुलांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेल्या आठवणी आहेत. त्यात काकांच्या शाळेचं नाव टाकून बघा. काय सांगावं, काकांचंच अक्षर सापडेल.

आता ओल. या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या, साधारण दोन फूट जाड. त्या पाणी थोडं आत घेतात आणि वाऱ्या-उन्हात सोडून देतात. वरून दरवर्षी चुन्याचा हात फिरायचा, विशेषतः घरी 'स्टेशन' असलं की. पाळीपाळीने एकेका घरी पाद्री येऊन प्रार्थना करतात, सगळी वस्ती जमते, त्याला स्टेशन म्हणतात. आमच्या गुहागरच्या घरी गणपतीच्या आधी जशी भिंती रंगवायची धांदल असायची, तशीच ती. पुढे सिमेंट आलं. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आत काँक्रीटची फरशी, खाली प्लास्टिक. पाणी बारीक भेगांतून आत जातंच, बाहेर मात्र पडू शकत नाही. फरशीखालचं पाणीही सरकत सरकत भिंतीच्या पायाशी येतं.

आम्हीही नेमकी हीच चूक केली. पहिल्या कंत्राटदाराने भिंतीत रसायन टोचलं आणि आतून आणखी सिमेंट चढवलं. दोन हिवाळ्यांत पोपडे पडले आणि ओल आणखी वर चढली. मग चुन्याचं काम जाणणारे एक वयस्क गवंडी आले. त्यांनी बाहेरचा गिलावा छिन्नीने उचकला, तो ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटून आला. मागे दगडांमधला मसाला शिऱ्यासारखा मऊ झाला होता, माझं बोट पेरभर आत गेलं. त्यांनी सहा महिने भिंत तशीच उघडी ठेवायला लावली. दुसरं काही नाही, नुसतं थांबायचं. जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर चुन्याचा गिलावा केला, आणि गेली अकरा वर्षं त्या खोलीत पुस्तकं ठेवलीत.

एक सावधगिरी. तुमच्या भागात मातीच्या भिंतीही आहेत, खाली दगडाचं जोतं आणि वर पेंढा कालवलेली माती. सिमेंटमागे अशी भिंत भिजलेली असली तर गिलावा उचकताना कोसळू शकते. म्हणून आधी जाणकाराकडून एक लहान तुकडा काढून बघा. स्वतः छिन्नी घेऊ नका.

परवानग्या आणि पैसे थोडक्यात. काउंटी कौन्सिलला फोन करून जुन्या वास्तूंचा वारसा बघणाऱ्या अधिकाऱ्याशी (हेरिटेज ऑफिसर) बोला आणि घर संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे का विचारा. असेल तर काय करता येईल ते कौन्सिलकडून लेखी घ्या. २००८ पूर्वीचं आणि दोन वर्षं रिकामं असलेलं घर राहतं करायला किंवा भाड्याने द्यायला ५० हजार युरोपर्यंत आणि पडीक असेल तर ७० हजारांपर्यंत अनुदानाची सोय झाली. मंजुरीआधी काम सुरू केलं तर हक्क जातो, आणि दहा वर्षांच्या आत विकलं तर सगळी किंवा बरीचशी रक्कम परत द्यावी लागते. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना कौन्सिलकडूनच खात्री करा. माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांना १९७६ च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि पाहणी उन्हाळ्यातच नीट होते. तेवढा वेळ हिशेबात धरा.

या शनिवार-रविवारी गेलात तर एवढंच करा. पन्हाळी साफ करा, फुटलेली बदला. भिंतीलगत साचलेली माती आतल्या फरशीच्या खाली जाईपर्यंत हलक्या हाताने बाजूला करा, पाया उघडा पडणार नाही एवढं बघा. आयव्हीचे वेल ओढू नका, बुंध्याशी कापा आणि वर वाळू द्या, ओढले तर दगड निघून येतात. खिडक्या दोन-दोन इंच उघड्या ठेवा. धुराड्यात कावळ्यांनी काटक्या भरल्या नसतील तर चुलीत छोटासा जाळ करा. आणि चुलीवरचा तो फिरता लोखंडी आकडा, ज्याला भांडं टांगत, तो भंगारात जाणार नाही याकडे लक्ष द्या. फोटो पाठवताना तीन हवेत: आडवी भिंत खिडकीसकट, बाहेरचा एक कोपरा, आणि पत्र्याखाली टॉर्च मारून दिसेल तेवढं छप्पर. चुन्याचं काम एप्रिलच्या आधी सुरू करू देऊ नका, थंडीत तो गोठतो आणि भुगा होऊन पडतो.